खाणीतले सोने आणि खतावणीतला हिशेब

सोन्याशी संबंधित धंद्यांत आपल्या समाजातील बरीच कुटुंबे आहेत. कोणी दागिने घडवतो, कोणी पॉलिश करतो, कोणी जरीकामात आहे, तर कोणी सोनारांच्या दुकानातली धूळ विकत घेऊन ती धुणारा झारेकरी आहे. रोज सोने हाताळणाऱ्या या मंडळींना कस, घट आणि घडणावळ यांचा हिशेब तोंडपाठ असतो. पण हे सोने जमिनीत कसे साठले, आपल्या देशात ते कुठे आहे आणि असूनही आपण ते बाहेरून का आणतो, याची माहिती फार थोड्यांना असते. त्यामुळे ‘अमुक जिल्ह्यात हजारो टन सोने सापडले’ अशी बातमी आली की बाजारात चर्चेला ऊत येतो. भाव पडतील म्हणून कोणी माल काढतो, तर कोणी एखाद्या नव्या खाणीच्या शेअरमध्ये पैसे घालायला निघतो. धंदा करणाऱ्याने अशा बातमीचा हिशेब स्वतः मांडता आला पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती या लेखात देत आहोत.

दगडाचा टन आणि सोन्याचा टन

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली. भारतात दरवर्षी साधारण सातशे ते आठशे टन सोने खपते. म्हणजे ही बातमी खरी असती, तर चार वर्षांची गरज एकाच जिल्ह्यातून भागली असती. लगेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने खुलासा केला. खात्याच्या अंदाजाप्रमाणे तेथे सुमारे ५२,८०६ टन सोनेयुक्त दगड होता आणि त्यात टनामागे ३.०३ ग्रॅम सोने होते. गुणाकार केला तर उत्तर येते सुमारे १६० किलो. देशाचा खप दिवसाला दोन टनांच्या आसपास आहे. त्या हिशेबाने सोनभद्रचे सोने दोन तासांच्या खपाइतके होते.

दुसरे उदाहरण बिहारच्या जमुई जिल्ह्याचे. तेथे २२ कोटी २८ लाख टन सोनेयुक्त दगड असल्याचे सरकारी आकडे सांगतात. दगडाच्या वजनावर पाहिले तर देशातील सर्वांत मोठा साठा बिहारचाच ठरतो. पण या सर्व दगडात मिळून सोने आहे ३७.६ टन. भागाकार करून पाहा. टनामागे सोने निघते सुमारे ०.१७ ग्रॅम. म्हणजे दहा ग्रॅम सोन्यासाठी सुमारे साठ टन दगड, दहा टनी सहा ट्रक, फोडून दळावा लागेल. खाणीतून हा दगड काढण्याचा, वाहण्याचा, दळण्याचा आणि त्यातून सोने वेगळे करण्याचा खर्च धरला, की साठा मोठा असूनही तेथे खाण का निघाली नाही हे कळते.

या दोन उदाहरणांतून पहिला धडा मिळतो. बातमीत टनांचा आकडा आला, तर तो दगडाचा आहे की धातूचा हे आधी विचारावे. आपण दागिन्याचा कस पाहतो, तसा खाणीच्या दगडाचाही कस असतो. एका टन दगडात किती ग्रॅम सोने, या मापाने तो मोजतात. खाणीच्या धंद्यात याला ‘प्रत’ म्हणतात.

सोने जमिनीत कसे साठते

पृथ्वीच्या कवचात सोने जवळजवळ सगळीकडे आहे, पण त्याचे प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम इतकेच. अशा दगडातून सोने काढणे कधीच परवडणार नाही. खाण व्हायची तर निसर्गाने ते विखुरलेले सोने एका ठिकाणी हजारो पटींनी गोळा करायला हवे.

हे गोळा करण्याचे काम गरम पाणी करते. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोलवर, प्रचंड दाबाखाली, दोनशे ते चारशे अंश तापमानाचे पाणी असते. त्यात गंधक विरघळलेले असते. एरवी सोने तेजाबालाही सहजासहजी दाद देत नाही. आम्लराज लागते हे कारागिरांना ठाऊक आहे. पण गंधकयुक्त गरम पाण्यात त्याचे अल्प प्रमाण विरघळते. हे पाणी खडकांतील मोठ्या भेगांतून वर चढते. वर दाब व तापमान कमी होते, आणि वाटेत लोहयुक्त काळा खडक लागला तर त्यातील लोह पाण्यातले गंधक ओढून घेते. गंधकाचा आधार सुटला की सोने पाण्यात राहू शकत नाही. ते भेगेत बसते. त्याच भेगेत पांढरी गारगोटी साचते. म्हणून काळ्या खडकात पांढऱ्या गारेची शीर आणि त्या शिरेत सोने, असा प्रकार आढळतो.

दक्षिण भारतात असे काळे, अतिप्राचीन खडक लांबट पट्ट्यांच्या रूपात आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना धारवाडी खडक म्हणतात. कोलार, हट्टी आणि गदग हे सर्व सोन्याचे पट्टे याच खडकांत आहेत. कोलारच्या खडकाचे वय सुमारे २७० कोटी वर्षे आहे.

महाराष्ट्राचा मोठा भागही काळ्या खडकाचाच आहे, मग येथे सोने का नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्या सह्याद्रीचा आणि मराठवाड्याचा काळा खडक हा लाव्ह्याच्या थरांचा असून तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या मानाने अगदी तरुण आहे. तो खोल जमिनीत दाबला गेला नाही, पिळवटला गेला नाही आणि सोने वाहून आणणारे गरम पाणी त्यातून मोठ्या प्रमाणावर फिरले नाही. विदर्भात मात्र जुने खडक उघडे पडले आहेत. तेथे नागपूर-भंडारा भागात सोन्याच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत.

नदीतले सोने यानंतरचे. ऊन-पावसाने सोन्याच्या शिरा झिजतात आणि कण ओढ्या-नद्यांत येतात. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, तर गारेची वाळू सुमारे २.६५ पट. म्हणून लाकडी पाटीत माती घेऊन पाणी फिरवले की वाळू निघून जाते आणि सोने तळाशी राहते. झारखंडमधील सुवर्णरेखा नदीच्या काठी लोक पिढ्यान्‌पिढ्या असे सोने धुतात. गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगरातील ओढ्यांत जालगार लोक हेच काम करीत. आपल्या शहरांतील झारेकरी, ज्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत, सराफ कट्ट्यावरची धूळ धुतात ती याच तत्त्वावर.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या खाणी

कर्नाटकातील रायचूर जिल्हा १९५६ पर्यंत मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात होता. या जिल्ह्यातील हट्टी येथील जुन्या विवरांत सापडलेल्या लाकडाचे वय तपासले, तेव्हा ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे निघाले. त्या काळी सुरुंगाची दारू नव्हती, पंप नव्हते. लाकडे पेटवून खडक तापवायचा, मग त्यावर पाणी ओतून तो तडकवायचा आणि लोखंडी छिन्नीने फोडायचा, ही रीत होती. अशा रीतीने त्या कारागिरांनी जमिनीत दीडशे मीटरहून अधिक खोली गाठली होती.

हट्टीजवळच मस्की हे गाव आहे. १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन या अभियंत्याला तेथे एक शिलालेख दिसला. त्या लेखात राजाच्या पदवीबरोबर ‘अशोक’ हे नाव कोरलेले होते, आणि ‘देवानांप्रिय’ म्हणजे सम्राट अशोकच हे त्यामुळे पक्के झाले. सोन्याच्या शोधातून इतिहासाचा एक मोठा प्रश्न सुटला तो असा.

वायनाडची तेजी

सोन्याच्या बातमीवर पैसा कसा बुडतो, याचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण वायनाडचे आहे. आज हा भाग केरळ व तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात विभागलेला आहे. तेथील आदिवासी ओढ्यांतून सोने धूत असत, आणि डोंगरात जुनी विवरेही होती. ऑस्ट्रेलियातील खाणतज्ज्ञ ब्रो स्मिथ यांनी सरकारसाठी पाहणी केली आणि १८८० च्या सुमारास त्यांचा अहवाल आला. गारेच्या शिरा पुष्कळ आहेत आणि त्यांत सोने आहे, हे त्यातून पुढे आले.

लंडनच्या बाजारात तेवढे पुरले. दोन वर्षांत डझनावारी कंपन्या निघाल्या. ज्यांनी आयुष्यात वायनाड पाहिले नव्हते, त्यांनी लाखो पौंडांचे शेअर घेतले. यातला बराच पैसा कॉफीच्या मळ्यांची जमीन भारी भावाने विकत घेण्यात, बंगल्यांत आणि यंत्रे डोंगरावर चढवण्यात गेला. निवडक तुकडे तपासून काढलेले आकडे मोठे होते. पण यंत्रे बसवून शिरेचा सगळा दगड दळला, तेव्हा सोने त्या आकड्यांच्या लहानशा अंशाइतकेच निघाले. काही वर्षांतच बहुतेक कंपन्या गुंडाळल्या गेल्या. यंत्रे जंगलात गंजत पडली.

वायनाडात सोने नव्हते असे नाही. पण मूठभर नमुन्याचा कस आणि हजार टनांचा कस यांत फरक असतो. दागिन्याच्या एका कोपऱ्यावर कसोटी लावून संपूर्ण दागिन्याची किंमत कोणी शहाणा सराफ ठरवीत नाही. तो मूशीत घालतो.

कोलार : जेथे सोने खरोखर निघाले

याच काळात बंगळूरच्या पूर्वेला कोलारमध्येही कंपन्या निघाल्या होत्या. या भागाची माहिती इंग्रजांना १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन यांच्यामुळे झाली होती. गावकरी माती धुऊन सोन्याचे कण काढतात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे न्यूझीलंडमध्ये लढून आलेले निवृत्त सैनिक मायकेल लॅव्हेल यांनी म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला आणि १८७५ च्या सुमारास काम सुरू केले. त्यांचे भांडवल अपुरे पडले. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने खाणींचा कारभार हाती घेतला, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत तेथेही पैसे संपत आले. उरलेले भांडवल भागधारकांना परत द्यावे, असा विचार सुरू होता.

त्या वेळी प्लमर नावाच्या खाणप्रमुखाने प्राचीन खाणकऱ्यांची बुजलेली विवरे साफ करून खाली जाण्याचा निर्णय घेतला. जुने लोक मूर्ख नव्हते. त्यांनी एवढे कष्ट केले ते समृद्ध शिरेवरच, असा साधा विचार त्यामागे होता. विवरांचा तळ गाठल्यावर १८८३ च्या सुमारास जी शीर लागली, ती पुढे ‘चॅम्पियन रीफ’ म्हणून जगप्रसिद्ध झाली.

त्यानंतरची भरभराट अफाट होती. खाणींसाठी कावेरी नदीवर शिवनसमुद्रम येथे जलविद्युत केंद्र उभारले गेले. १९०२ मध्ये तेथून सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांनी वीज कोलारला आली. १९०५ च्या सुमारास वर्षाला १९ टनांच्या आसपास सोने निघत होते. शंभराहून अधिक वर्षांत सुमारे ५ कोटी १० लाख टन दगड फोडून अंदाजे ८०० टन सोने काढले गेले. म्हणजे सरासरी प्रत टनामागे जवळजवळ १६ ग्रॅम. दहा ग्रॅम सोन्यासाठी सव्वासहाशे किलो दगड पुरला. जमुईच्या साठ टनांशी याची तुलना करा.

या सोन्याची किंमत मजुरांनी चुकती केली, हेही नमूद केले पाहिजे. तामिळ व तेलुगू मुलखातून आलेल्या गरीब कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या या खाणींत काम केले. चॅम्पियन रीफची खाण सुमारे ३२०० मीटर खोल गेली. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर माणसे जमिनीत उतरत होती. तळाचा खडक साठ अंशांहून अधिक तापलेला असे. वरच्या खडकाच्या दाबाने भिंती स्फोटासारख्या फुटत आणि माणसे गाडली जात. गारेच्या बारीक धुळीने फुप्फुसे दगडावत. दळलेल्या दगडातून सोने वेगळे करायला पारा आणि पुढे सायनाइड वापरले गेले. उरलेल्या मातीचे डोंगर वस्तीच्या शेजारीच रचले गेले. वारा सुटला की ती माती आजही घरांत येते.

कोलार बंद, हट्टी चालू

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने या खाणी ताब्यात घेतल्या आणि १९६२ मध्ये त्या केंद्र सरकारकडे गेल्या. १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तोपर्यंत वरच्या थरांतील समृद्ध शीर संपली होती. शेवटी प्रत टनामागे तीन ग्रॅमच्या आसपास उतरली. खोली तीन किलोमीटर. पाणी उपसायचे, हवा थंड करून खाली पोचवायची, दगड वर ओढायचा. त्यात २००१ साली जगाच्या बाजारात सोन्याचा भाव औंसाला २७० डॉलरच्या आसपास होता. एक रुपयाचे सोने काढायला एका रुपयाहून अधिक खर्च होऊ लागला. फेब्रुवारी २००१ च्या अखेरीस खाण बंद झाली. हजारो कामगार बेकार झाले, आणि आज कोलारच्या वस्तीतील अनेक जण कामासाठी रोज रेल्वेने बंगळूरला जातात.

आता हट्टी पाहा. निजामाच्या काळात तेथे आधुनिक पद्धतीने काम झाले आणि पुढे ती खाण कर्नाटक सरकारच्या कंपनीकडे आली. तेथील प्रतही टनामागे तीन ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे कोलारच्या अखेरच्या काळातल्याइतकीच. तरीही हट्टीची खाण चालू आहे आणि देशात निघणारे बहुतेक सोने तिच्यातूनच येते. कारण तिची खोली कोलारच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास आहे. कस तोच, पण वाहतुकीचा, उपशाचा आणि हवेचा खर्च निराळा. त्यामुळे एका ठिकाणी दिवाळे निघाले आणि दुसऱ्या ठिकाणी धंदा टिकला.

मात्र हट्टीचे उत्पादन किती, हेही लक्षात ठेवावे. देशाच्या खाणींतून वर्षाला निघणारे सोने दीड टनाच्या आसपास आहे. आपल्या एका दिवसाच्या खपालाही ते पुरत नाही. म्हणून एखादी नवी खाण निघाल्याने मुंबईच्या बाजारातला भाव पडेल, ही समजूत चुकीची आहे. आपला भाव ठरतो तो जगाचा भाव, डॉलर आणि आयात शुल्क यांवर.

टाकून दिलेल्या मातीचे मोल

कोलारच्या गोष्टीचा पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. खाणीबाहेर रचलेल्या मातीच्या डोंगरांत तीन कोटी टनांहून अधिक माती आहे. जुन्या पद्धतीने सोने काढून घेतल्यावर उरलेल्या या मातीत टनामागे एक ग्रॅमपेक्षाही कमी सोने आहे. २००१ मध्ये तिला कोणी विचारत नव्हते. पण ती आधीच खणलेली आहे, आधीच दळलेली आहे आणि जमिनीवर आहे. खर्चाचे तीन मोठे भाग वजा झालेले आहेत. दुसरीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४००० डॉलरचा टप्पा ओलांडला. माती तीच, तिच्यातील सोने तेवढेच, पण हिशेब बदलला. जून २०२४ मध्ये या मातीतून सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली होती.

कारागीर बंधूंनी हे उदाहरण स्वतःच्या दुकानाला लावून पाहावे. समजा, कारखान्यातील एक किलो केरात एक ग्रॅम सोने आहे. याचा अर्थ त्या केराची प्रत टनामागे हजार ग्रॅम झाली. हट्टीच्या दगडापेक्षा ती तीनशे पटींहून अधिक आहे! शिवाय भारतात जुने दागिने मोडून परत बाजारात येणारे सोने वर्षाला शंभर टनांच्या घरात असते, म्हणजे देशातील खाणींच्या साठ-सत्तर पट. देशातील सर्वांत मोठी सोन्याची खाण कपाटातल्या मोडीत आणि कारखान्याच्या केरात आहे, असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

व्यापाऱ्यांनी विचारायचे प्रश्न

सोन्याच्या नव्या साठ्याची बातमी वाचली किंवा कोणी खाणीत गुंतवणूक करा म्हणून आले, तर पुढील प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नये.

१) सांगितलेला टनांचा आकडा दगडाचा आहे की शुद्ध धातूचा?

२) टनामागे किती ग्रॅम? हा कस निवडक तुकड्यांचा आहे, की अनेक ठिकाणी खोल छिद्रे घेऊन काढलेली सरासरी आहे?

३) शीर किती खोल आहे? जमिनीलगतचा एक ग्रॅम परवडू शकतो. तीन किलोमीटर खालचे तीन ग्रॅम परवडले नाहीत.

४) पाणी, वीज आणि रस्ता आहे का? वन खात्याची व पर्यावरणाची परवानगी आणि जमिनीचा हक्क मिळाला आहे का?

५) हिशेब सोन्याच्या कोणत्या भावावर मांडला आहे? आजच्या चढ्या भावावर मांडलेला नफा भाव उतरताच नाहीसा होतो.

आणि कारागिरांसाठी दोन सूचना. दुकानातला केर, पॉलिशच्या कापडाचे तुकडे, हात धुतलेले पाणी आणि तुटकी मूस वेगळी साठवावी. झारेकऱ्याला देताना अंदाजाने न देता आधी थोडा नमुना गाळून त्याचा कस पाहावा. दुसरे म्हणजे कोलारच्या कामगारांच्या फुप्फुसांची कहाणी विसरू नये. तेजाबाचा धूर आणि पॉलिशची बारीक धूळ बंद खोलीत कोंडून ठेवून काम करणे म्हणजे नफ्याच्या खात्यात तोटा लिहिणे होय. एक चांगला पंखा आणि धूर बाहेर नेणारे धुराडे यांचा खर्च फार नाही. कोलारमध्ये आठशे टन सोने निघाले, पण ज्यांनी ते काढले त्यांच्या घरात त्यातले फारसे राहिले नाही, आणि गेलेली तब्येत तर कोणत्याच भावाने परत आली नाही.